बुटकी सोनेरी मोरपंखी : लागवड आणि निगा

शाळेत असताना ‘विद्या’ म्हणून वहीत जपलेली डहाळी आठवते? ती मोरपंखीची. तिच्याच सोनेरी, बुटक्या वाणाला बंगल्यांचे अंगण, फार्म हाउस आणि कार्यालयांतील कुंड्यांसाठी मागणी असते. रोपवाटिकाधारकांची तक्रार मात्र ठरलेली असते, “पावसाळ्यात रोपे खालून तपकिरी झाली, आता काय फवारू?” गुलाब किंवा जास्वंद छाटली की पुन्हा फुटते; मोरपंखीच्या पाने गेलेल्या जुन्या फांदीला सहसा नवा फुटवा येत नाही. खालून उघडे पडलेले रोप विकले जात नाही. त्यामुळे या झाडात उपचारापेक्षा आधीची काळजीच पैसे वाचवते.

ओळख

मोरपंखीचे शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. पूर्वी तिची गणना थुजा प्रजातीत होत असे, म्हणून बाजारात आजही ‘थुजा’ म्हणतात. मूळस्थान चीन व आसपासचा प्रदेश. ‘ऑरिया नाना’ हा तिचा बुटका सोनेरी वाण. पाने खवल्यांसारखी असून चपट्या डहाळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या रचलेल्या दिसतात. झाड अंडाकृती वाढते आणि अनेक वर्षांनी साधारण १ ते १.५ मीटर उंच होते.

जागा आणि जमीन

दिवसातून किमान ६ तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत सोनेरी रंग जाऊन झाड हिरवे व विरळ होते. नुकत्याच शेडनेटमधून काढलेल्या रोपांना मात्र आठ-दहा दिवस हळूहळू उन्हाची सवय लावावी.

जमीन मध्यम, उत्तम निचऱ्याची असावी. सामू ६ ते ७.५ चालतो. भारी काळ्या जमिनीत आणि कोकणातील जास्त पावसात ३० सें.मी. उंच गादीवाफ्यावर लागवड करावी. खड्डा ४५ सें.मी. लांब, रुंद व खोल घ्यावा. माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू मिसळून भरावा. कुंपणासाठी दोन झाडांत ६० ते ९० सें.मी. अंतर ठेवावे. पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत आणि खोडाचा बुंधा मातीत गाडू नये.

अभिवृद्धी

बियांपासून केलेली रोपे मातृवृक्षासारखी निघत नाहीत. रंग व उंचीत फरक पडतो. म्हणून छाट कलमेच करावीत. निरोगी झाडाच्या अर्धपक्व फांदीची १० ते १२ सें.मी. लांबीची, जुन्या लाकडाची टाच असलेली काडी घ्यावी. खालची पाने काढून बुडखा आय.बी.ए. संजीवकात (सुमारे ३००० पीपीएम) बुडवावा. कोकोपीट व वाळूच्या मिश्रणात, सावलीत व दमट हवेत काड्या लावाव्यात. मुळे फुटण्यास दोन-तीन महिने लागू शकतात. या काळात काडी उपटून पाहू नये.

पाणी आणि खत

वरची दोन-तीन सें.मी. माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी. कुंडीखाली ताटलीत पाणी साठू देऊ नये. शेणखत वर्षातून दोनदा पुरेसे आहे. कुंडीतील रोपांना वाढीच्या काळात महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात द्यावे. जादा युरियाने फूट लुसलुशीत व विरळ होते आणि आकार बिघडतो.

छाटणी

फक्त हिरव्या भागातील शेंडे हलके कापावेत. पाने नसलेल्या लाकडापर्यंत कात्री नेऊ नये. पावसाच्या भाराने उभ्या फांद्या फाकत असल्यास आतून मऊ सुतळीने सैल बांधाव्यात.

तपकिरीपणा : आधी कारण ओळखा

• थंडीत सगळ्या झाडावर सारखी तांबूस झाक : नैसर्गिक आहे. ऊब वाढली की नवी फूट सोनेरी येते. फवारणी नको.

• फक्त आतली, खोडाजवळची जुनी पाने वाळली, बाहेरची ताजी : हेही नैसर्गिक. हाताने झटकून काढावीत, म्हणजे हवा खेळते.

• दमट हवेत खालच्या डहाळ्यांपासून वर व बाहेर सरकणारी वाळ : बुरशीजन्य करपा. रोगट डहाळ्या काढून नष्ट कराव्यात, कुंड्यांतील अंतर वाढवावे, वरून पाणी देणे थांबवावे. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम प्रमाणे फवारावे. गेलेला भाग परत येत नाही. फवारणी उरलेला भाग वाचवण्यासाठी असते.

• माती ओली असूनही संपूर्ण झाड निस्तेज : मूळकुजीची शक्यता. रोप पिशवीतून काढून मुळे पाहावीत. काळी, मऊ असून साल हाताने निसटत असेल तर ते रोप वेगळे काढून नष्ट करावे आणि बाकीच्यांचा निचरा त्याच दिवशी सुधारावा.

• उन्हाळ्यात पाने धुळकट, फिकट : लाल कोळी. पांढऱ्या कागदावर डहाळी झटकावी. हलणारे बारीक ठिपके दिसले तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने आटोक्यात न आल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने कोळीनाशक निवडावे.

पावसाळ्यापूर्वी हे कराच

मे अखेरीस प्रत्येक पिशवीची छिद्रे उघडी आहेत का ते तपासा, रोपे जमिनीवरून उचलून खडीच्या थरावर किंवा विटांवर मांडा आणि एकमेकांना टेकणार नाहीत इतके अंतर ठेवा. रोपे विकत घेतानाही बुंध्याजवळची पाने बाजूला सारून बघा. वरून सोनेरी पण खालून उघडे रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.