ओडिसीची समाप्ति : एका समासटीपेचा विचार

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस ग्रंथ नेमका कोठें संपतो हा प्रश्न नवा नाहीं. कधीं शेवटचें पान गळालेलें असतें, कधीं फलश्रुति मागाहून जोडलेली असते. आणि कधीं एखाद्या जुन्या वाचकानें समासांत 'येथें ग्रंथ पुरा झाला' असें लिहून ठेविलेलें असतें, मजकूर मात्र पुढें चालूच असतो. या शेवटच्या प्रकारचें एक नामांकित उदाहरण ग्रीक वाङ्मयांत आहे. होमरच्या नांवावर चालत आलेल्या 'ओडिसी' महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गांत, २९६व्या ओळीपाशीं, कांहीं पोथ्यांच्या समासांत अशी टीप आढळते कीं, आरिस्टोफेनीस व आरिस्टार्कस यांच्या मतें ओडिसीचा शेवट येथें होतो. प्रचलित पाठांत या ओळीनंतर तेविसाव्या सर्गाच्या ७६ व चोविसाव्याच्या ५४८, मिळून ६२४ ओळी आहेत. त्या ठेवाव्या कीं टाकाव्या, हा वाद सुमारें दोनशें वर्षें चालला आहे. वरवर पाहतां तो केवळ पाठचिकित्सेचा वाद आहे. परंतु ओडिसियसच्या धैर्याचा आणि चिकाटीचा अर्थ आपण काय करतों, हें त्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कथेचा प्रस्तुत प्रश्नास लागणारा भाग सांगतों. इथाकाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धानंतर बारा जहाजें घेऊन घरीं निघाला. घरीं पोंचावयास त्यास आणखी दहा वर्षें लागलीं. त्यांतील प्रवासाचा काळ थोडा, अडकून पडण्याचाच फार. एक वर्ष किर्कीच्या घरीं गेलें, सात वर्षें कॅलिप्सोच्या बेटावर गेलीं. लेस्ट्रिगोनियन नरभक्षकांनीं अकरा जहाजें फोडलीं. उरलेलें एक, सूर्यदेवाचीं गुरें मारून खाण्याच्या पापामुळें, सोबत्यांसह बुडालें. कॅलिप्सोनें अमरत्व देऊं केलें असतां त्यानें तें नाकारिलें व मर्त्य पत्नीकडे जाणें पसंत केलें. स्वतः चार दिवसांत तराफा बांधून सतरा दिवस तो समुद्रावर चालला. पॉसायडननें तराफा मोडला, तेव्हां दोन दिवस व दोन रात्री पोहून त्यानें फिएशियन लोकांचा किनारा गांठला.

या सर्व वृत्तांतांत एक प्रसंग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वाऱ्यांचा अधिपति आयओलस यानें प्रतिकूल वारे चामड्याच्या थैलींत कोंडून त्याच्या स्वाधीन केले होते. नऊ दिवस ओडिसियसनें शिडाचा दोर दुसऱ्या कोणाच्याही हातीं दिला नाहीं. दहाव्या दिवशीं जन्मभूमि इतकी जवळ आली कीं तेथील माणसें व त्यांनीं पेटविलेल्या आगी दिसूं लागल्या. आणि तेव्हांच त्यास झोंप लागली. सोबत्यांनीं धनाच्या आशेनें थैली सोडली, आणि वादळानें जहाजें पुन्हां मागें नेलीं. पुढें अनेक वर्षांनीं फिएशियनांच्या जहाजानें त्यास इथाकास आणिलें, तेव्हां तो गाढ झोंपेंत होता. खलाशांनीं त्यास तसाच वाळूवर ठेविलें. घर दृष्टिपथांत येईपर्यंत जागा राहून तो घरास मुकला, आणि झोंपेंत असतां घरीं पोंचला. किनाऱ्यास लागणें हीच जर या काव्याची सिद्धि असती, तर ती तेराव्या सर्गाच्या आरंभींच झाली. उरलेले अकराहून अधिक सर्ग कशासाठीं, याचें उत्तर द्यावें लागेल.

उत्तर असें कीं इथाकांत त्याच्या चिकाटीची अधिक कठीण परीक्षा आहे. समुद्रावर त्यास हातपाय हालवितां येत होते; घरीं त्यास गप्प बसावयाचें होतें. पेनेलोपीशीं विवाह करूं इच्छिणारे १०८ उमेदवार त्याच्या वाड्यांत मेजवान्या झोडीत होते, आणि तो भिकाऱ्याच्या वेषांत त्यांच्या दारीं बसला. वीस वर्षांनीं धनी ओळखून मरणाऱ्या कुत्र्यासाठीं आलेला अश्रु त्यानें लपवून पुसला. आंटिनोअसनें पाय ठेवण्याचा बाजोट फेंकून मारिला तरी तो खडकासारखा उभा राहिला. विसाव्या सर्गाच्या आरंभीं तो आपल्याच हृदयास दटावितो व त्यास पूर्वीं सोसलेल्या याहून घोर प्रसंगाची आठवण देतो. 'पुष्कळ सोसणारा' हें त्याचें विशेषण या मौनास जितकें लागू पडतें, तितकें वादळासही पडत नाहीं. या मौनाचा शेवट कोठें होतो, हाच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

आतां टिपेकडे वळूं. तींतील आरिस्टोफेनीस हा विनोदी नाटककार नव्हे. बायझँटियमचा व्याकरणकार, इ. स. पू. सुमारें २५७ ते १८०. आरिस्टार्कस हा सॅमोथ्रेसचा, इ. स. पू. सुमारें २१६ ते १४४. दोघेही अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध ग्रंथालयाचे प्रमुख व होमरच्या पाठाचे सर्वांत मान्य संशोधक. त्यांचे मूळ ग्रंथ उरले नाहींत. त्यांचीं मतें मध्ययुगीन पोथ्यांच्या समासांतून गाळून घ्यावीं लागतात. इलियडची दहाव्या शतकांतील व्हेनिस येथील प्रख्यात पोथी व्हिलोआझोन यांनीं १७८८ सालीं छापून प्रसिद्ध केली, तेव्हां या समासधनाची खरी कल्पना विद्वानांस आली, आणि त्याच आधारावर फ्रीडरिख वोल्फ यांनीं १७९५ सालीं होमरविषयक आपला युगप्रवर्तक निबंध लिहिला. ओडिसीच्या वांट्यास इतकी समृद्ध पोथी आलेली नाहीं. तिच्या टीपा तोकड्या आहेत. प्रस्तुत टीपही दोन रूपांत येते : एकींत 'पेरस' म्हणजे सीमा असा शब्द आहे, दुसरींत 'तेलोस' म्हणजे शेवट. परंतु 'तेलोस' म्हणजे सिद्धि किंवा अंतिम हेतु असाही अर्थ ग्रीकांत रूढ आहे, आणि येथेंच वादाचें मूळ आहे.

जे पुढील भाग प्रक्षिप्त मानितात त्यांचीं कारणें दुबळीं नाहींत. २९६व्या ओळींत पतिपत्नी वीस वर्षांनीं आपल्या जुन्या शय्येपाशीं येतात. कथेस यथोचित पूर्णविराम मिळतो. रोड्सच्या आपोलोनियसच्या 'आर्गोनॉटिका' काव्याची शेवटची ओळ या ओळीच्या धर्तीवर आहे; त्यावरून त्यासही ही ओळ शेवटची वाटत असावी असें अनुमान कित्येक करितात. चोविसाव्या सर्गाच्या आरंभीं उमेदवारांचे प्रेतात्मे हर्मीस देव पाताळांत नेतो, हें काम होमरच्या काव्यांत तो इतरत्र करीत नाहीं. कलादेवतांची नऊ ही संख्याही याच सर्गांत येते. भाषेंतही कांहीं अर्वाचीन रूपें दाखविलीं जातात. हा पक्ष स्पोन यांनीं १८१६ सालीं सविस्तर मांडिला व डेनिस पेज यांनीं १९५५ सालीं अत्यंत तीव्रपणें पुरस्कारिला. उलट बाजू डोरोथिया वेंडर यांनीं १९७८ सालीं एका स्वतंत्र ग्रंथांत घेतली.

आमच्या मतें पुढील प्रमाणें विचारांत घेतल्यास टिपेवरून ६२४ ओळी कापून टाकणें शक्य नाहीं.

(१) प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागांत, मृत्यूचें भय उत्पन्न करणाऱ्या म्हणून कवींच्या ज्या ओळी खोडून टाकाव्या असें सुचविलें, त्यांत चोविसाव्या सर्गाच्या आरंभींच्या, वटवाघळांप्रमाणें चीत्कारणाऱ्या आत्म्यांच्या ओळी आहेत. जें खोडावयाचें तेंच त्याच्या हातून प्राचीनत्वाची साक्ष होऊन राहिलें. प्लेटो हा आरिस्टार्कसहून सुमारें दोन शतकें जुना.

(२) आरिस्टॉटल 'ऱ्हेटोरिक'च्या तिसऱ्या भागांत सांगतो कीं, आल्किनोअस राजास ऐकविलेली लांबलचक कथा पेनेलोपीस साठ ओळींत सांगितलेली आहे. प्रचलित पाठांत हें पुनःकथन ३१० ते ३४३ या ३४ ओळींत येतें. त्यापूर्वींचें भाकिताचें निवेदन (२६४ ते २८४) मिळविल्यास ५५ ओळी होतात. संख्या तंतोतंत जुळत नाहीं, तरी हा प्रसंग २९६च्या पलीकडचा आहे यांत शंका नाहीं.

(३) तेविसाव्या सर्गांतील ३१० ते ३४३ आणि चोविसाव्यांतील १ ते २०४ या ओळी आरिस्टार्कसनें प्रक्षिप्त ठरविल्या, असें समासटीपाच सांगतात. ग्रंथच २९६वर संपला असें त्याचें मत असतें, तर पुढील दोन तुकडे निवडून त्यांवर स्वतंत्र दोषारोप करण्याचें त्यास प्रयोजन नव्हतें.

(४) बाराव्या शतकांतील थेस्सलोनिकाचा धर्माध्यक्ष युस्टाथियस यानेंही या टिपेची चर्चा केली आहे. पुढील भाग तोडणारे ग्रंथांतील महत्त्वाचे प्रसंग गमावतात असें सांगून, त्या पंडितांचा आशय ग्रंथ येथें संपतो असा नसून ग्रंथांतील मुख्य कार्य येथें सिद्ध होतें असा असूं शकेल, ही सोडवणूक तो सुचवितो. 'तेलोस' या शब्दाचा दुसरा अर्थ तिला पोषक आहे.

बाहेरील प्रमाणांपेक्षां काव्याचीच साक्ष आम्हांस अधिक बळकट वाटते. उमेदवारांच्या आप्तांचा सूड कसा टाळावा, ही चिंता ओडिसियस विसाव्या सर्गांत अथीना देवीपाशीं व तेविसाव्यांत २९६च्या आधींच पुत्र टेलिमाकसपाशीं बोलून दाखवितो. तिचें निवारण चोविसाव्यांतच होतें. त्याचा वृद्ध पिता लाएर्टीज याचा उल्लेख पहिल्या सर्गापासून पुनःपुन्हां येतो. पेनेलोपीचें प्रसिद्ध विणकाम तर त्याच्याच प्रेतवस्त्राचें आहे. पाताळांत मातेचा आत्मा ओडिसियसला सांगतो कीं, पिता हिंवाळ्यांत विस्तवाजवळ राखेंत दासांसोबत झोंपतो. एवढी तयारी करून कवीनें पितापुत्रांची भेट घडविलीच नसती, हें संभवत नाहीं.

आणि ती भेटच ओडिसियसच्या मौनाचा खरा शेवट आहे. एकोणिसाव्या सर्गांत पत्नी समोर रडत असतां त्याचे डोळे शिंगाचे किंवा लोखंडाचे असावे तसे निश्चल राहिले. तेविसाव्यांत तिनेंच पलंग हलविण्याची गोष्ट काढून त्याची परीक्षा घेतली, आणि जमिनींत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा ज्यास खूर आहे तो पलंग कोणी तोडला, असें तो चिडून विचारता झाला. पितृभेटीच्या वेळीं परीक्षा घेणारा तो स्वतःच होता. संवयीप्रमाणें खोटें नांव व खोटी कथा सांगून त्यानें आरंभ केला. म्हाताऱ्यानें दोन्ही हातांनीं धूळ घेऊन आपल्या पांढऱ्या केसांवर ओतली, तेव्हां पुत्राच्या नाकपुड्या झणझणल्या, आणि परीक्षा तशीच टाकून त्यानें पित्यास मिठी मारिली. ओळखीची खूण म्हणून आधीं त्यानें पायाचा व्रण दाखविला; मग बाळपणीं मागें मागें धांवत नांवें विचारीत असतां पित्यानें त्यास जीं झाडें दिलीं होतीं तीं मोजून सांगितलीं : तेरा नासपतीचीं, दहा सफरचंदाचीं, चाळीस अंजिराचीं, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास रांगा. वीस वर्षें ज्यानें कोणापाशींही मन उघडें करण्यापूर्वीं पारख केली, त्याचें सोसणें येथें संपतें. २९६वर ग्रंथ बंद केला तर हा मनुष्य आपल्या चातुर्यानेंच घरीं पोंचला एवढेंच हातीं राहतें.

तरीही येथें सर्व श्रम संपले असें कवि म्हणत नाहीं. टायरेसियसच्या भाकिताप्रमाणें त्यास वल्हें खांद्यावर घेऊन पुन्हां निघावयाचें आहे. ज्यांस समुद्र ठाऊक नाहीं, आणि वल्ह्यास जे धान्य उफणण्याचें साधन समजतील, अशा लोकांत पोंचल्यावर तें भूमींत रोवून पॉसायडनला बळी द्यावयाचे आहेत. ही गोष्ट तो पत्नीस शय्येपाशीं जाण्यापूर्वींच सांगतो. म्हणजे ज्या ओळीस समाप्ति म्हटलें, तिच्या आधींच पुढच्या प्रवासाची सूचना झालेली आहे.

टिपेविषयीं आमचा निष्कर्ष असा : ती खरी व मोलाची आहे, पण ती वाचकाचें मत आहे, ग्रंथाची मर्यादा नव्हे. चोविसाव्याच्या आरंभींचा पाताळप्रसंग मागाहून आला असणें शक्य आहे. लाएर्टीजची भेट व अखेरचा समेट काढतां येत नाहीं. अलेक्झांड्रियाच्या पंडितांची रीतिही हेंच शिकविते. संशयित ओळीपुढें ते समासांत आडवी रेघ ओढीत, ओळ मात्र सहसा जागेवर राहूं देत. पुणें येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींतही, विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं घालून दिलेल्या पद्धतीस अनुसरून, मूळ पाठांत न बसणारे श्लोक नष्ट न करतां तळटीपांत व परिशिष्टांत राखिले आहेत. समासांत 'समाप्त' असें दिसतांच पुढील पानें वेगळीं काढण्याचा मोह पोथीसंग्राहकांनीं आवरावा, आणि टीप व पानें दोन्ही जपून ठेवावीं, एवढीच आमची विनंति आहे. अधिक निर्णय तज्ज्ञांनीं करावा.