अब्बांचे टोन आणि नवा संगणक : चाळीस वर्षांच्या एका संवादाचा इतिहास

ईदनंतरच्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत गिटारचा जुना मल्टी-इफेक्ट प्रोसेसर. कंपनीचं नाव इथे सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने ही गोष्ट सगळ्याच कंपन्यांची आहे. त्याचे वडील कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. पिशवी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "सर, अब्बा के सारे टोन इसीमें हैं. नया कम्प्युटर इसको पैचानताच नै."

बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नाही, हे माझ्या इतर वाचकांसाठी सांगायला हवं. टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचं हे वाद्य, म्हणजे आपलं बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ते 1912 मध्ये तयार केलं. आपल्याकडे ते कव्वालीत, वरातीत, मिरवणुकीत रुळलं. मग कारागिरांनी त्याला पिकअप लावला आणि बेंजो विजेवर वाजू लागला. पिकअपमधून निघणारा सिग्नल गिटारसारखाच असल्यामुळे गिटारसाठी बनवलेला प्रोसेसर बेंजोलाही चालतो. या मुलाच्या वडिलांनी वर्षानुवर्षं बटणं फिरवून त्यात बारा-तेरा आवाज बसवले होते. ते आवाज संगणकात सुरक्षित ठेवायचे, एवढंच त्याला हवं होतं.

मी काही संगीतातला जाणकार नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण एखाद्या भाषेचा दुभाषी नाहीसा झाला की काय होतं, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. हा प्रश्नही शेवटी तोच निघाला.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. पूर्वी गिटारवादकाच्या पायाशी प्रत्येक परिणामासाठी वेगळी डबी असायची. आवाज खरखरीत करायला एक, प्रतिध्वनीला दुसरी, घुमवायला तिसरी. 1980 नंतर डिजिटल चिप स्वस्त झाल्या आणि हे सगळं एका पेटीत आलं. बॉसचा एमई-5 हा 1988 चा. लाइन सिक्सचा घेवड्याच्या दाण्यासारखा लाल पॉड 1998 चा. अशा यंत्रात जतन केलेल्या टोनला पॅच म्हणतात. पॅचमध्ये प्रत्यक्ष आवाज नसतो, असतात फक्त आकडे. गेन किती, प्रतिध्वनी किती मिलिसेकंदांनी, तिखटपणा किती, कोणता परिणाम चालू आणि कोणता बंद. म्हणजे त्या पेटीत वडिलांचा आवाज नव्हता, त्यांनी घेतलेल्या निर्णयांची यादी होती.

आवाज न साठवता सूचना साठवायच्या, ही कल्पना आजची नाही. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचं यंत्र लिहून ठेवलं. त्यात फिरणाऱ्या नळकांड्यावरचे खुंटे बासरीची भोकं उघडझाप करत. पुढे 1206 मध्ये दियारबकीरच्या दरबारातल्या अल-जझरीने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात नावेत बसलेल्या यांत्रिक वादकांचं वर्णन आहे. खुंटे कुठे बसवले यावर काय वाजणार हे ठरायचं. पॅचमधले आकडे म्हणजे एका अर्थी हेच खुंटे.

आता संगणकाकडे येऊ. 1980 च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती. एकाचा कीबोर्ड दुसऱ्याच्या यंत्राशी सहसा बोलायचा नाही. ही अडचण दोन माणसांनी मनावर घेतली. जपानमध्ये रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेत सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ. इतर कंपन्यांशी बोलून त्यांनी एक सामाईक भाषा ठरवली. तिचं नाव मिडी. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका तारेने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं आणि दुसरा वाजला. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांची ती यंत्रं होती. या कामासाठी दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. आजच्या हिशेबाने बैलगाडीच. पण ही भाषा सर्वांसाठी खुली ठेवली गेली. शिवाय तिच्यात एक शहाणपणाची सोय होती. कंपनीला स्वतःच्या यंत्राची खास माहिती पाठवायची असेल, तर त्यासाठी 'सिस्टिम एक्सक्लुसिव्ह' नावाचा संदेश. तो एफ-शून्य या खुणेने सुरू होतो आणि एफ-सात या खुणेने संपतो. मधला मजकूर ज्याचा त्याचा. सर्व पॅच एका दमात बाहेर काढायचे असले तर याच वाटेने येतात. त्याला बल्क डंप म्हणतात.

मग आला यूएसबी, 1996 मध्ये. इंटेलमध्ये ज्यांनी तो घडवला त्यांत बडोद्याचे अजय भट्ट प्रमुख होते. यूएसबीमध्येही सामाईक भाषेची सोय झाली. ध्वनियंत्रांसाठी 1998 मध्ये आणि मिडीसाठी 1999 मध्ये नियम ठरले. ते नियम पाळणारं यंत्र जोडलं की संगणक वेगळं काही न मागता ते ओळखतो. पण नियम पाळण्याची सक्ती नव्हती. वादकाला तार छेडल्याबरोबर आवाज हवा असतो, आणि विंडोजची आपली व्यवस्था त्यात उशीर करायची. म्हणून अनेक कंपन्यांनी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषी. त्या वेळी तो निर्णय चुकीचा नव्हता. अडचण पुढे आली.

दुभाषी बत्तीस बिटच्या विंडोज एक्सपीची बोली बोलत होता. 2007 मध्ये व्हिस्टा आली. तिच्या चौसष्ट बिट आवृत्तीत बत्तीस बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर आत घेतला जात नाही. 2021 च्या विंडोज 11 ला तर बत्तीस बिटची आवृत्तीच नाही. अ‍ॅपलने 2006 मध्ये इंटेलच्या चिप घेतल्या, 2019 च्या कॅटालिना आवृत्तीत बत्तीस बिटचे सगळे प्रोग्राम बंद केले आणि 2020 मध्ये चिप पुन्हा बदलली. प्रत्येक वळणावर कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिला तर यंत्र जगलं. विक्रीतून गेलेल्या मॉडेलसाठी तो कोण लिहिणार? पेटी ठणठणीत, तार ठणठणीत, फक्त दुभाषी गेला.

उर्दू शाळांतल्या शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको. इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेल्या किती प्रश्नपत्रिका आज आपल्याकडे नुसत्या फाइल म्हणून पडून आहेत! मराठीतही युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधला मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, तो वाचणारा गेलेला असतो.

तर त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. कुणाला तरी उपयोग होईल.

सर्वांत आधी वही काढली. प्रत्येक पॅच पडद्यावर उघडून त्यातला एकेक आकडा लिहून घेतला. हे काम संगणकाला हात लावण्याआधी करावं. काही जुन्या यंत्रांत स्मृती जिवंत ठेवणारी बटणासारखी बॅटरी असते. ती संपली किंवा घाईने काढली की पॅच जातात.

दुसरं, वीज. अशा अनेक यंत्रांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधली टोक ऋण असते, घरातल्या इतर बऱ्याच अ‍ॅडॉप्टरमध्ये ती धन असते. पिन बसते म्हणून लावून पाहू नये. यंत्रावरची खूण, व्होल्ट आणि प्रवाह तपासूनच लावावा.

तिसरं, यूएसबी. तार आखूड घ्यावी, मध्ये हब नको, जमल्यास जुन्या यूएसबी 2 च्या खाचेत लावावी. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावं. काहीच हललं नाही तर दोष बहुधा तारेत किंवा खाचेत. पिवळ्या खुणेसह अनोळखी यंत्र दिसलं तर दोष ड्रायव्हरचा. आमच्याकडे पिवळी खूण आली. ड्रायव्हर शोधला, तो एक्सपीचा निघाला. काही यंत्रांच्या मेनूत ड्रायव्हरचा प्रकार बदलायची सोय असते. तिथे 'स्टँडर्ड' निवडलं की यंत्र सामाईक भाषेत बोलू लागतं. आमच्या पेटीत ती सोय नव्हती.

इथे आणखी दोन वाटा असतात. एक, एक्सपी असलेला जुना लॅपटॉप, इंटरनेटला न जोडता वापरायचा. दुसरी, लिनक्स. लाइन सिक्सच्या पॉड मालिकेतल्या अनेक यंत्रांचा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिला आणि तो आज लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. कंपनीने सोडलेलं काम वापरणाऱ्यांनी उचललं, याचं हे चांगलं उदाहरण. आमचं यंत्र त्या यादीत नव्हतं.

पण पेटीच्या मागे पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट होतं. 1983 ची भाषा. बाजारातून स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर आणली. यंत्राचा आउट वायरच्या इनमध्ये जायला हवा. वायरवरची अक्षरं पाहून आम्ही पहिल्यांदा उलटंच जोडलं होतं. सुलट केल्यावर बल्क डंप सुरू झाला आणि फाइल आली. पोरगा खुश. मी त्याला पुन्हा एकदा करायला लावलं, जसं विद्यार्थ्याला बेरीज पुन्हा करायला लावतो. दुसरी फाइल पहिलीपेक्षा लहान! तिसरी आणखी वेगळी. अशा स्वस्त वायरींची खरी अडचण हीच असते. नुसते सूर नीट जातात, पण लांब संदेश आला की मधले तुकडे गळतात. एका ओळखीच्या ध्वनिमुद्रकाकडून चांगला मिडी इंटरफेस मागून आणला. आता तिन्ही वेळा फाइल सारख्याच आकाराची आली, एफ-शून्यने सुरू होणारी आणि एफ-सातने संपणारी. त्या फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या.

आवाज मुद्रित करायला यूएसबीची गरजही पडली नाही. प्रोसेसरच्या साध्या आउटपुटमधून वायर काढून नव्या ऑडिओ इंटरफेसला लावली. ज्यांचं यंत्र यूएसबीवर चालतं पण आवाजात टकटक येते, त्यांनी सॅम्पल रेट पाहावा. यंत्र 44.1 किलोहर्ट्झवर आणि संगणकातला प्रोग्राम 48 वर असेल तर असं होतं.

शेवटी त्याने वडिलांचा बेंजो जोडून त्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा टोन लावला. मुखडा वाजवला, थांबला आणि म्हणाला, "टोन तोच आहे सर, हात नाही." त्यावर मी काही बोललो नाही. हात कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. पण टोन उरला, म्हणून हात आठवला.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसली. 2000 नंतरचा ड्रायव्हर मेला आणि 1983 ची भाषा कामी आली. नवं-जुनं हा फरक इथे दुय्यम ठरतो. मिडीचे नियम सर्वांसमोर लिहिलेले होते, ड्रायव्हरचं मर्म एका कंपनीच्या कपाटात होतं. अल-जझरीने आपल्या यंत्रांची चित्रं आणि बांधणी तपशीलवार लिहून ठेवली. म्हणून सातशेहून अधिक वर्षांनी, 1976 मध्ये, लंडनमध्ये त्याच्या जलघड्याळाची प्रतिकृती उभी राहू शकली. हुनर ही अमानत आहे असं आपण म्हणतो. अमानत परत करायची असेल तर ती दुसऱ्याला उघडता येईल अशी ठेवावी लागते.

म्हणून नवं यंत्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : हे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं का? घरात जुनं असेल तर या आठवड्यातच त्याचे पॅच बाहेर काढा. आणि फाइलसोबत ती वहीही जपून ठेवा. ती वाचायला कुठलाच दुभाषी लागत नाही.