नाण्यांची पानं आणि गिरणगावचा आकडा

दादरला माझ्याकडे टॅरोची पानं बघायला माणसं येतात ती लग्नाचं विचारतात, मुलाच्या परदेशाचं विचारतात, पण बोलणं शेवटी पैशावर येऊन थांबतं. घराचा हप्ता, भावाशी वाटणी, बंद पडत चाललेलं दुकान, पुनर्विकासात थकलेलं भाडं. टॅरोच्या ७८ पानांत या विषयाला वेगळा संच आहे, नाण्यांचा. एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि पुढे पेज, सरदार, राणी, राजा अशी चार, मिळून चौदा. आज सगळीकडे चालतो तो जोड १९०९ साली लंडनला निघाला आणि त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढली.

तिची नाण्यांची पानं नीट बघण्यासारखी आहेत. तिर्रीत एक पाथरवट देवळाच्या कमानीखाली काम करतोय. चौकडीत एक माणूस नाणं छातीशी घट्ट धरून बसलाय, दोन नाणी पायाखाली दाबलीत, त्यामुळे त्याला जागचं हलताच येत नाही. पंजीत बर्फातून चाललेली दोन फाटकी माणसं, एक कुबड्यांवर, आणि त्यांच्या डोक्यावर प्रार्थनास्थळाची उजळलेली खिडकी. छक्कीत व्यापारी हातात तराजू धरून दान देतोय. सत्तीत शेतकरी अवजारावर रेलून आपण लावलेल्या वेलाकडे बघतोय. अठ्ठीत कारागीर ठोकतोय, एकामागून एक नाणं घडवतोय. दश्शीत म्हातारा, मुलगा-सून, नातवंड, कुत्री, भरलेलं घर.

मी गिरणीच्या साचेखात्यात काम केलेल्या माणसाची मुलगी. या चौदा पानांत मला पहिल्यापासून एकच गोष्ट डोळ्यांत भरत आली. यात कष्ट करणारा आहे, कवटाळणारा आहे, देणारा आहे, मागणारा आहे, जुगारी नाही. नशिबाचं चाकही टॅरोत आहे, पण ते बावीस मोठ्या पानांत, या संचाच्या बाहेर. पैसा एका गटात आणि नशीब दुसऱ्या गटात. ज्या लालबागमध्ये मी वाढले तिथे वीस-तीस वर्षं या दोन गोष्टी रोज रात्री एकत्र पिसल्या जात होत्या, आणि तेही पत्त्यांवरच.

पत्त्यांवर नाणं आलं त्याला युरोपची गरज नव्हती. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालेला साधा खेळ. त्यावरून भविष्य सांगण्याची पद्धत पॅरिसमध्ये १७८० नंतर रुजली. टॅरोच्याही आधी इजिप्तच्या मामलुकांच्या पत्त्यांत नाण्यांचा संच होता. आपल्याकडे गंजिफा आला तो मोगलांबरोबर. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन केलंय, त्यात धनपती नावाचा एक संच आहे. राजासमोर सोन्याचांदीच्या राशी, वजीर खजिन्याचा हिशेब घेतोय, आणि बाकीच्या पानांवर सोन्याचांदीने भरलेले घडे.

माझ्या वडिलांचं गाव सावंतवाडीजवळ. तिथे चितारी आजही गोल गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफाची १२० पानं बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असतात. दुसरा प्रकार मोगली वळणाचा, चंगकांचनी, आठ संचांची ९६ पानं. या आठांत एक संच चांदीच्या नाण्याचा, एक सोन्याच्या नाण्याचा, एक हुंडी-बरातीचा आणि एक कापडचोपड, मालाचा. म्हणजे अर्धा खेळ तिजोरी आणि वखारीचा. राजमाता सत्वशिलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली नसती तर आज ती कपाटातल्या एखाद्या जोडापुरती उरली असती. वाडीहून मुंबईला गिरणीत आलेल्या माणसांच्या ट्रंकेत मात्र गंजिफा नव्हता. त्यांना इथे भेटले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर.

आणि भेटला आकडा. त्याची सुरुवात कापसापासून झाली, हे गिरणगावातल्यांनाही आता सांगावं लागतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि मिटायचा, ते दोन भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर माणसं त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावायची. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले, बाजाराचे. जो कापूस परळच्या गिरणीत साच्यावर कापड होऊन उतरत होता, त्याच्याच भावावर तो साचा चालवणारा हात पैसे लावत होता. कापसात गुंतलेला पैसा मालकाचा, कापसाची धूळ छातीत घेणारा कामगार, आणि भावाच्या शेवटच्या आकड्यात या कामगाराचा रुपया. मला तरी गिरणगावच्या अर्थकारणाचं याहून नेमकं चित्र सापडलेलं नाही.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे बंद झाले. खेळ बंद झाला नाही. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला. चिठ्ठ्यांवर आकडे लिहायचे, मडक्यात टाकायचे, एक काढायची. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये ‘न्यू वरळी मटका’ काढला. पुढे मडकं गेलं, नाव राहिलं आणि त्या जागी पत्त्यांचा जोड आला.

त्याची रीत अशी. राजे, राण्या, गुलाम बाजूला काढायचे. उरली चाळीस पानं. एक्का म्हणजे १, दश्शी म्हणजे ०, जिला मिंडी म्हणायचे. पिसून तीन पानं काढायची. समजा ३, ५, ६ निघाली. ही झाली पत्ती. बेरीज १४, तिचा शेवटचा आकडा ४. हा ओपन. रात्री नऊच्या सुमारास ओपन यायचा, मध्यरात्री पुन्हा तीन पानं काढून क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एक आकडा लागला तर रुपयाला नऊ, जोडी लागली तर रुपयाला नव्वद.

मी हिशेब मांडून पाहिलाय. दहा आकड्यांच्या तीन पानी पत्त्या होतात २२०, आणि ० ते ९ प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर बावीस येतात. कुठलाही आकडा जड नाही, कुठलाही हलका नाही. पानं सरळ हाताने काढली तर हा खेळ आकड्यांमध्ये पक्षपात करत नाही. पण दहात एक लागणार आणि मिळणार नऊ. शंभरात एक जोडी लागणार आणि मिळणार नव्वद. लोकांनी लावलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया मागे राहणार. आकडा काढणाऱ्याला लबाडी करायची गरजच नव्हती. सगळं गिरणगाव रोज खेळत होतं, त्यामुळे तो एक रुपया कधी आटला नाही.

टॅरोतही तीन पानांची मांडणी असते, काल-आज-उद्या अशी. त्यात प्रत्येक पानाला चित्र आहे, चित्राला अर्थ आहे, आणि समोरचा माणूस स्वतःच्या परिस्थितीकडे बघून त्यात भर घालतो. मटक्याच्या पानांना काहीच अर्थ नव्हता. म्हणून माणसांनी तो बाहेरून आणला. माझे वडील स्वप्नात पाणी दिसलं तर एक आकडा लावायचे, मेलेलं माणूस दिसलं तर दुसरा. बसचा नंबर, गावाहून आलेल्या पत्राची तारीख, मागच्या आठवड्याच्या आकड्यांचा चार्ट. तो चार्ट खिशात घडी घालून असायचा, घामाने अक्षरं पुसट होईपर्यंत. दुसरी पाळी रात्री सुटायची तेव्हा क्लोज यायची वेळ झालेली असायची. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याचा पहिला प्रश्न, “काय आला?” विचारणारा थकलेला असायचा, पण त्या दोन शब्दांत जीव असायचा, हे मी चाळीच्या गॅलरीतून ऐकलंय. म्हणून या माणसांना मूर्ख म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. बदली कामगाराला उद्या काम मिळेल की नाही हे सकाळी फाटकावर गेल्यावर कळायचं. ज्याची रोजीच सोडतीसारखी, त्याला आकडा परका वाटत नाही.

पगाराच्या दिवशी मात्र आई दारात उभी असायची. “पगार खंय आसा?” एवढंच विचारायची, मालवणीत, आवाज न चढवता. वडील पाकीट द्यायचे. आई नोटा मोजायची नाही, वजनावरून ओळखायची. आमच्या घरी गावच्या सहा गड्यांची खानावळ होती. त्यांचा बाजार आई वाण्याकडून उधारीवर आणायची, आणि गडी पगाराला पैसे देतील या भरवशावर सावकाराकडून व्याजाने उचलायची. गड्याचा पगार आकड्यात गेला की खानावळीचे पैसे थकायचे. व्याज मात्र कधी थकत नसे. पुरुषाने लावलेल्या आकड्याचं व्याज अशी एखादी बाई भरत असायची जिने आयुष्यात आकडा लावलेला नव्हता. ‘मटका किंग’वर सिनेमे निघाले, १९७५ च्या ‘धर्मात्मा’त प्रेमनाथने तसा माणूस रंगवला. या बाईवर काही निघालं नाही.

त्याच १९७५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आणीबाणीत खत्रींना अटक झाली, एकोणीस महिने ते तुरुंगात होते. आणि प्रेमा पुरव यांनी दादरला खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्या बायकांना आजवर सावकाराशिवाय कोणी विचारलं नव्हतं, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं, एकमेकींच्या हमीवर. पोलीस १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली अड्ड्यांवर धाडी घालत राहिले, सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढून लोकांना मटक्यापासून दूर नेऊ पाहिलं. या सगळ्यांत गिरणगावच्या घरातला पैसा खरोखर कोणी सावरला असेल तर तो या बायकांनी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संप संपल्याचं कधी जाहीर झालंच नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटत गेल्या. पगार थांबल्यावर आकडा लावायला पैसा नव्हता, तरी लावला गेला. आमच्या मजल्यावरचे दोघे तर अड्ड्यावर आकडे लिहून घेण्याच्या कामालाच बसले. त्या वर्षांत आमच्या घरात टॅरोतली पंजी होती, उजळलेल्या खिडकीखालची. आईच्या हाताला काम होतं म्हणून आम्ही आत राहिलो.

खत्री २०२० च्या मे महिन्यात गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची कहाणी पुन्हा छापली. मी ती सगळी वाचली. त्यात सालं होती, नावं होती, उलाढालीचे अंदाज होते, बायका नव्हत्या.

माझ्याकडे आजही कोणी कोणी विचारतं, ताई, शेअर कुठला घेऊ, नंबर सांगा. मी सांगत नाही. नाण्यांच्या चौदा पानांत लावायचा नंबर नाही, तिथे फक्त माणूस पैशाशी कसा वागतो ते आहे, आणि पान मांडून नंबर सांगणारा माझ्या मते टॅरोचं नाव घेऊन मटका चालवतो.

लालबाग, परळ, शिवडी, करी रोडच्या ज्या घरांत खानावळीची जुनी वही अजून असेल, त्यांना माझी विनंती आहे: ती रद्दीत घालू नका. त्यात कोणत्या गड्याने कोणत्या महिन्यात किती दिले, किती थकवले आणि सावकाराला किती गेले ते बाईच्या अक्षरात लिहिलेलं असेल. आई किंवा आजी हयात असेल तर शेजारी बसून एकेका नावाचं विचारा आणि लिहून घ्या. गिरणगावच्या पैशाचा इतिहास अजून अर्धाच लिहिला गेलाय, आणि उरलेला अर्धा सांगणाऱ्या बायका आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत.