बॅटरीचा भरंवसा

तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग या खाणीचें नांव इतिहासग्रंथांत क्वचितच आढळेल. परंतु रात्रीं उजेड हातांत घेऊन हिंडण्याची जी सोय गेल्या शतकांत खेडोपाडीं झाली, तिच्या इतिहासांत या खाणीस मान दिलाच पाहिजे. १८६६ सालीं लेक्लांशे या फ्रेंच संशोधकानें जस्त, नवसागर व मँगनीज डायॉक्साइड यांच्या योगानें विद्युत्-घट सिद्ध केला, आणि १८८६ सालीं गासनर या जर्मनानें त्यांतील द्रव थिजवून कोरडा सेल बनविला. डोंगरी बुजुर्गचें मँगनीज डायॉक्साइडयुक्त खनिज याच सेलांच्या धंद्यास उपयोगीं पडतें.

हा सेल अल्पायुषी खरा. पण त्याचें मरण उघड असे. उजेड पिवळा पडे, शेतकरी सेल उन्हांत ठेवून आणखी दोन रात्री काढी, आणि आठवडी बाजारांतून नवी जोडी आणी. नळकांडें मात्र तेंच राही. कित्येक घरांत तें बापाकडून मुलाकडे आलें. भंडारा शहर ज्या पितळी भांड्यांकरितां प्रसिद्ध, त्यांचा व्यवहारही याच जातीचा. भांडें वजनावर घ्यावें, फुटलें तर मोडींत घालून नवें आणावें. दुकानदाराची वाणी कितीही गोड असो, तराजू दोघांच्या समोर असे.

आतां झाडीपट्टींत घरोघर चार्जिंगची बॅटरी आली आहे. फोनवरून मागवावी, कीं थोडक्या रुपयांत ती दारीं येते. पहिल्या रात्रीं तिचा उजेड डोळे दिपवितो. प्रश्न आहे तो दुसऱ्या पावसाळ्याचा.

तिच्या पोटांतील घट बहुधा दोन जातींचा. एक शिशाचा, त्याचें तत्त्व प्लांते यानें १८५९ सालींच दाखविलें होतें. हा घट रिकामा पडून राहिला म्हणजे त्याच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग तो वीज घेईनासा होतो. आमच्याकडे बॅटरी राबते ती धानाच्या हंगामांत. धान घरांत आलें कीं ती खुंटीस टांगली जाते, ती थेट मृगापर्यंत. शिशाच्या घटास याहून घातक वागणूक नाहीं.

दुसरी जात लिथियमची. ती १९९१ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आली. चांगल्या घटाचीही शक्ति सामान्यतः तीनशें ते पांचशें वेळां भरल्यावर चार-पंचमांशावर येते, आणि विदर्भांतील ४५ अंशांचा उन्हाळा हें म्हातारपण आणखी लवकर आणतो. हलका माल तर पहिल्या दिवसापासूनच खोटें बोलतो. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा नळीवजा घटांत ३,५०० मिलिअँपिअर-तासांहून फारशी अधिक वीज मावत नाहीं. तरी ९,९०० हा आंकडा छापलेले घट सर्रास विकले जातात. मानक संस्थेचा क्रमांक असला, तरी तो सुरक्षिततेपुरता. घट किती वर्षें टिकेल, हें त्यावरून कळत नाहीं.

दूरच्या दुकानदारावर सारा दोष टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढींतले लोकही व्ही. पी. नें घड्याळें मागवीत, आणि फसतही. पण घड्याळ गांवांतल्या कारागिरास उघडतां येई. या बॅटरीचें कवच पुष्कळदां चिकटविलेलेंच असतें. तें फोडून घट बदललाच, तर मजुरीसुद्धां खर्च नव्या बॅटरीच्या जवळपास जातो. म्हणून ती उकिरड्यावर पडते, आणि तिच्यांतलें शिसें मातींत जातें.

शेतीच्या पंपास वीज कित्येकदां रात्रींच मिळते. साप-विंचवांतून, बांध्यांच्या धुऱ्यांवरून जाणाऱ्यास आपल्या हातांतला उजेड किती वेळ पुरेल, हें ठाऊक असणें अगत्याचें आहे. आपल्याकडील २०२२ च्या नियमांनीं निकामी बॅटऱ्या गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाचा २०२३ चा कायदा याहून पुढें जातो: १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी, थोडे अपवाद सोडून, वापरणाऱ्यास स्वतः काढतां-घालतां आली पाहिजे. जुन्या नळकांड्याचें बूड हातानें फिरवून उघडत असे.