स्पर्श टंकलेखन
कळफलकाकडे न पाहता दहाही बोटांनी टंकलेखन करण्याची पद्धत. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १८८८ मध्ये फ्रँक मॅकगरिन याने या पद्धतीने स्पर्धा जिंकल्यावर तिचा प्रसार झाला. सराव मधल्या ओळीपासून सुरू होतो : डावी बोटे ए, एस, डी, एफ आणि उजवी जे, के, एल व अर्धविराम या कळांवर, अंगठे स्पेसबारवर. एफ व जे कळांवरील उंचवट्यांमुळे बोटांना जागा चाचपून कळते. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर उजव्या हाताच्या याच चार कळांवर र, क, त, च ही अक्षरे असतात. स्वरचिन्हे डाव्या हाताकडे येतात. आधी सुटी अक्षरे, मग शब्द, शेवटी उतारे गिरवतात. नवशिक्याने वेगापेक्षा अचूकतेवर भर द्यावा.