कंपवाताचा वारसा

घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात स्वस्थ बसलेला असतानाही थरथरू लागला, पाऊल आखूड पडू लागले, अक्षर बारीक होत चालले, म्हणजे घरची मंडळी त्यांस डॉक्टरांकडे नेतात. निदान कळल्यावर औषधाच्याही आधी एक प्रश्न मनात येतो: हे आमच्या घराण्यात उतरणार काय? प्रश्न उघडपणे फारसा विचारला जात नाही. घरात उपवर मुले-मुली असली तर तो दाराआड ठेवला जातो, आणि कधी कधी रुग्णालाही दाराआड ठेवले जाते. वैद्यकाने ह्या प्रश्नाला गेल्या दोनशे वर्षांत वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा इतिहास थोडक्यात सांगावा असा आमचा विचार आहे. त्यातील एक प्रकरण मुंबईच्या पारशी वसाहतींत आणि दुसरे पवईच्या प्रयोगशाळेत घडले आहे. मुंबईकरांस तरी ते ठाऊक असावयास हवे.

कंपाचा उल्लेख आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत वातविकारांमध्ये आहे. परंतु ह्या रोगाचे आधुनिक वर्णन इ. स. १८१७ मधले. लंडनच्या हॉक्स्टन भागातील जेम्स पार्किन्सन ह्या वैद्याने त्या वर्षी एक लहानसा निबंध छापला. त्याला आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा, आणि त्यांतही काही जण त्याने केवळ रस्त्यात जाता-येता पाहिलेले होते. पुढे पॅरिसच्या शार्को ह्या नामांकित वैद्याने रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. शार्कोच्या परंपरेत मज्जाविकारांचे मूळ घराण्याच्या दोषात शोधण्याची रीत होती. लंडनच्या गॉवर्सने १८८८ च्या आपल्या ग्रंथात सुमारे १५ टक्के रुग्णांच्या घरी हा रोग पूर्वी झाल्याचे नोंदविले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचे उत्तर असे, की वारसा आहे.

विसाव्या शतकाने हे उत्तर फिरविले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निद्रारोगाची एक विलक्षण साथ जगभर पसरली, आणि तीतून वाचलेल्या हजारो लोकांस पुढे कंपवातासारखी लक्षणे जडली. रोग बाहेरून येतो, अशी समजूत त्यामुळे बळावली. १९८३ साली तिला दोन आधार मिळाले. कॅलिफोर्नियात अशुद्ध अमली द्रव्य टोचून घेतलेल्या तरुणांना काही दिवसांतच तीव्र कंपवात झाला. त्या द्रव्यातील एका विषाने मेंदूच्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत जुळ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच बीजापासून झालेल्या ४३ जोड्यांपैकी एकाच जोडीत दोघांनाही हा रोग होता. ज्यांचा वारसा अक्षरशः एक, त्यांच्यात एकाला रोग आणि दुसऱ्याला नाही, असे दिसल्यावर वारशाचा प्रश्न निकालात निघाला असे पुष्कळांना वाटले.

मुंबईचे प्रकरण येते ते नेमके ह्या वेळी. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली आणि १९८८ मध्ये तिचा निष्कर्ष छापला. आधी प्रश्नावली, मग संशयित व्यक्तीची मज्जातज्ज्ञांकडून तपासणी, अशी ती रीत होती. ४६ जणांस कंपवात असल्याचे आढळले. हे प्रमाण लाखामागे ३२८ पडते. पुढे काश्मीरमध्ये व बंगळूरकडे झालेल्या पाहण्यांत आलेल्या आकड्यांच्या मानाने ते कितीतरी मोठे आहे.

हा आकडा वाचून कोणी म्हणेल, पारशी समाज आपसांत विवाह करणारा, तेव्हा हा रक्ताचाच दोष. परंतु इतक्या घाईने निकाल देता येत नाही. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, आणि हा रोग प्रामुख्याने उतारवयाचा. वयाचा हिशेब घातला की आकडा बराच खाली उतरतो. शिवाय अग्नीविषयीच्या पूज्यभावामुळे ह्या समाजात धूम्रपान परंपरेने निषिद्ध आहे, आणि धूम्रपान न करणाऱ्यांत कंपवात अधिक आढळतो असे जगभरच्या पाहण्या सांगतात. (ह्यावरून कोणी विडी पेटवू नये, तिने होणारी हानी कंपवातापेक्षा फार मोठी आहे.) एका आकड्यात वय, आचार आणि बीज असे तीन धागे गुंतलेले होते. मुंबईच्या पाहणीचे महत्त्व आमच्या मते असे, की आपल्याकडे ह्या रोगाची माणसे मोजता येतात, दवाखान्याच्या दारात न थांबता घराच्या उंबऱ्याशी जाऊन मोजता येतात, हे तिने दाखवून दिले.

बीजाचा धागा सुटा झाला तो १९९७ साली. दक्षिण इटलीतील कोंटुर्सी गावच्या एका घराण्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्या घराण्यातील रुग्णांच्या एका जनुकात एका अक्षराचा फेर सापडला. हे जनुक अल्फा-सिन्यूक्लिन नावाचे १४० दुव्यांचे प्रथिन घडविते. त्याच वर्षी असेही दिसून आले, की रुग्णांच्या मेंदूत १९१२ पासून माहीत असलेल्या गुठळ्या मुख्यतः ह्याच प्रथिनाच्या असतात. आणि ह्या गुठळ्या ज्यांना कसलाही कौटुंबिक इतिहास नाही अशा रुग्णांतही असतात. मूठभर घराण्यांच्या दोषाने सर्व रुग्णांच्या रोगाचे दार उघडून दिले.

पुढच्या वर्षी जपानमध्ये पार्किन नावाचे जनुक सापडले. ते आई व बाप दोघांकडून सदोष आले तरच रोग होतो, आणि तोही तरुणपणी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्या महाराष्ट्राने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील एका घराण्यात आणखी निराळा प्रकार आढळला. तेथे अल्फा-सिन्यूक्लिनच्या जनुकातील अक्षरे बिनचूक होती. फक्त दोहोंच्या जागी चार प्रती होत्या. पदार्थ शुद्ध असला तरी अति झाल्याने घात होतो, हे त्यावरून कळले.

अति होण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्यासाठी अक्षरही बदलावे लागत नाही, प्रतही वाढावी लागत नाही. जुन्या पोथ्यांत नको असलेल्या अक्षरावर हरताळ फासीत. अक्षर खाली तसेच राही, वाचणारा ते सोडून पुढे जाई. पेशीसुद्धा आपल्या जनुकांवर असा एक हरताळ फासते. मिथिल नावाचे बारीक रासायनिक गट जनुकाला चिकटतात आणि तो भाग कमी वाचला जातो. ह्याच शास्त्राला अधिजनुकशास्त्र म्हणतात. २०१० मध्ये जर्मन संशोधकांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत अल्फा-सिन्यूक्लिनच्या जनुकावरील हा हरताळ विरळ झालेला दिसला. हरताळ उडाला म्हणजे जनुक अधिक वाचले जाते आणि प्रथिन अधिक बनते. २०११ मध्ये त्यापुढची गोष्ट दिसली. हरताळ फासण्याचे काम करणारे जे द्रव्य पेशीच्या केंद्रात असते, त्यालाच हे प्रथिन केंद्राबाहेर ओढून ठेवते. चोरानेच पहारेकऱ्याला अडकवावे तसा हा प्रकार. पुढील सर्व पाहण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत हे खरे. तथापि एकच बीज असलेल्या जुळ्यांची वाट वेगळी कशी होऊ शकते, ह्याचे एक संभाव्य उत्तर येथे आहे. जुळ्यांच्या प्रश्नावर १९९९ च्या एका मोठ्या पाहणीनेही प्रकाश पाडला: रोग पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर बीजाचा वाटा मोठा, पन्नाशीनंतर तो फारसा दिसत नाही.

आता पवईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी ह्या पारशी गृहस्थांकडे होती. १९५८ मध्ये तंत्रविद्येची संस्था, आजची आयआयटी मुंबई, सुरू झाली, आणि मार्च १९५९ मध्ये पंडित नेहरूंनी येथे तिची कोनशिला बसविली. यंत्रे व पोलाद ह्यांसाठी उभारलेल्या ह्या संस्थेत आज जीवशास्त्राचाही विभाग आहे, आणि तेथे समीर माजी व त्यांचे विद्यार्थी अल्फा-सिन्यूक्लिनचा अभ्यास करीत आले आहेत.

२०१३ साली परदेशी रुग्णांत ह्या प्रथिनाच्या ५० व्या जागी एक नवा फेर सापडला. पवईच्या प्रयोगशाळेने त्याच वर्षी दाखविले, की असा फेर असलेले प्रथिन परीक्षानळीत अधिक वेगाने गोळा होते. पुढे २०१८ मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी तपासल्या तेव्हा हाच फेर निरोगी माणसांतही आढळला, आणि तो रोगाचे कारण आहे असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही असे संशोधकांनी मांडले. ह्याने पवईचा प्रयोग खोटा ठरत नाही. नळीत जे घडते ते खरेच घडते. परंतु सत्तर वर्षे जगणाऱ्या देहात त्याच्याशी झुंजणारी दुसरी पुष्कळ शक्ती असते, आणि तिची बेरीज-वजाबाकी नळीत दिसत नाही.

२०२० मध्ये पवईच्या ह्याच गटाने अधिक मूलभूत गोष्ट पुढे आणली. गुठळी बनण्याच्या आधी हे प्रथिन पाण्यातील तेलाप्रमाणे थेंबाथेंबांनी वेगळे होते. आणि पातळ तूप थिजावे तसे हे थेंब काळाने घट्ट होत जाऊन त्यांत तंतू धरतात. घराण्यातून येणारे काही फेर ह्या क्रियेला गती देतात, तशीच पेशीतील आम्लताही देते. म्हणजे वारसा आणि परिस्थिती ह्या दोघांचा हात एकाच थेंबावर पडतो. दोनशे वर्षे जो वाद 'हे की ते' असा चालला होता, तो ह्या थेंबात मिटताना दिसतो.

मग घरच्या त्या प्रश्नाला आज काय उत्तर द्यावयाचे? बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एकटे जनुक रोग घडवीत नाही. ते फक्त कल वाढविते. ग्लुकोसेरेब्रोसिडेझ नावाच्या द्रव्याच्या जनुकातील दोष हे आज माहीत असलेल्या मोठ्या कारणांपैकी एक. पण तो दोष वाहणाऱ्या बहुसंख्य माणसांस कंपवात कधीच होत नाही. २०१९ मध्ये जनुकांतील ९० धोक्याच्या जागा एकत्र मोजल्या गेल्या, तरी त्यांनी वारशाच्या भागापैकी १६ ते ३६ टक्केच उलगडा झाला. बापाला रोग आहे एवढ्यावरून मुलीचे लग्न मोडण्यास शास्त्राचा आधार नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

ह्या ९० जागा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत शोधलेल्या आहेत, हीही गोष्ट विसरता कामा नये. ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतील लोकांत वारंवार आढळणारा एक प्रसिद्ध फेर भारतीय रुग्णांत शोधला तेव्हा तो अत्यंत विरळ निघाला. उलट २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची मोजणी झाली, तेव्हा युरोपात न दिसलेला एक धोका लगेच हाती आला. दुसऱ्याच्या घराची वंशावळ वाचून आपल्या घराचा वारसा कळत नाही. भारतीय रुग्णांची अशी मोजणी आता सुरू आहे. तिला डॉक्टर लागतील आणि प्रयोगशाळाही लागतील. परंतु त्याआधी लागेल ते कुटुंबांचे सहकार्य. आजोबांचा हात थरथरत होता, आत्याला तरुणपणीच चालणे जड झाले होते, अशा ज्या गोष्टी आपण दाराआड ठेवतो, त्या डॉक्टरांस मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. पारशी वसाहतींतील चौदा हजार माणसांनी १९८८ च्या आधीच आपली दारे उघडली होती. बाकीच्या मुंबईने आणि महाराष्ट्राने ती उघडावयाची आहेत.