भिक्खूंचे इंग्रजी आणि धम्माचा अर्थ सांगण्याचा हक्क

भिक्खूंना इंग्रजी कशाला, असा प्रश्न आपल्याच विहारांत विचारला जातो. वंदना पालीत, धम्मदेसना मराठीत. मग इंग्रजीचे काम काय? याचे उत्तर श्रीलंकेच्या इतिहासात सापडते.

ऑगस्ट १८७३ मध्ये कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा येथे भिक्खू मोहोट्टिवत्ते गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी दोन दिवस जाहीर वाद केला. वाद सिंहलीत झाला, ऐकायला हजारो लोक लोटले आणि गुणानंदांनी बाजी मारली असे बौद्ध जनतेने मानले. पण बेटाबाहेर ही गोष्ट गेली ती इंग्रजीत छापलेल्या वृत्तांतामुळे. तो वाचून अमेरिकेतल्या कर्नल ऑल्कॉटांचे लक्ष तिकडे वळले. १८८० मध्ये ते श्रीलंकेत आले, पंचशील घेतले आणि पुढच्याच वर्षी बौद्ध मुलांसाठी प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहून मोकळे झाले. हिक्कडुवे सुमंगल महाथेरांसारख्या पंडिताने ते तपासून मान्यता दिली. बौद्ध शाळांसाठी ऑल्कॉटांनी केलेले काम आम्ही नाकारत नाही. पण आयुष्यभर त्रिपिटक अभ्यासणाऱ्याने शिक्का मारायचा आणि कालपरवा आलेल्याने लिहायचे, हा उलटा न्याय कशामुळे झाला?

विद्वत्तेची कमतरता नव्हती. सुमंगलांनी १८७३ मध्येच कोलंबोत विद्योदय परिवेण स्थापन केले होते. आपले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकायला तिथेच गेले. जगाशी वाद घालण्याची भाषा मात्र बहुतेक भिक्खूंच्या हाती नव्हती.

ती हाती आल्यावर काय घडते हे वालपोला राहुल यांनी दाखवले. जन्म १९०७. परंपरेने शिकलेला हा भिक्खू चीवरासह आधुनिक विद्यापीठात शिरला, हे अनेकांना रुचले नाही. पुढे ते पॅरिसला गेले आणि १९५९ मध्ये त्यांचे ‘व्हॉट द बुद्ध टॉट’ हे इंग्रजी पुस्तक आले. त्यात ते म्हणतात की ‘दुक्ख’ला ‘सफरिंग’ हा शब्द अपुरा आहे, त्यानेच बौद्ध धम्म निराशावादी असल्याचा समज पसरला. आणि अनत्ताच्या प्रकरणात तर बुद्धाच्या शिकवणीत मागच्या दाराने आत्मा घुसवू पाहणाऱ्या विद्वानांना ते सरळ अंगावर घेतात. इकडे आपल्याला हा आत्मा घुसवण्याचा धंदा चांगलाच ओळखीचा आहे! १९६४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

तीन महिन्यांच्या ‘स्पोकन इंग्लिश’ वर्गाने हे होत नाही. विमानतळावर बोलता येणे वेगळे. ‘सोल’, ‘सेल्फ’, ‘माइंड’ या शब्दांमागे ग्रीक आणि ख्रिस्ती विचार कसा दडला आहे हे ओळखून समोरच्याला अडवता येणे वेगळे. आम्ही बोलतो आहोत ते या दुसऱ्या इंग्रजीबद्दल.

बुद्धांनी तर धम्म लोकांच्या भाषेत सांगा, छंदसमध्ये नको, असे सांगितले होते, असा आक्षेप येईल. बरोबर आहे. वस्तीत इंग्रजी झाडणारा भिक्खू आम्हालाही नको. पण बँकॉक, कोलंबो, तैपेईचे बौद्ध आपल्याशी कोणत्या भाषेत बोलणार?

बाबासाहेबांनी १९५० मध्ये ‘महाबोधी’ नियतकालिकात इंग्रजीतच लेख लिहून भिक्खू संघावर टीका केली. संघात विद्याही नाही आणि सेवाही नाही, हे त्यांचे म्हणणे तेव्हा अनेकांना झोंबले असेल. नंतर ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ आला. चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती का, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच विचारला आणि त्याच ‘महाबोधी’त या ग्रंथावर कडक टीका झाली. इथे राहुल आणि बाबासाहेब यांची वाट वेगळी होते. एकाला चार आर्यसत्ये धम्माचा गाभा वाटतात, दुसऱ्याला तीच अडचण वाटतात. हा वाद थेरवादी भिक्खूंसमोर बसून कोण करणार? भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ग्रंथाचे पाली आधार शोधून दिले, ते मोठे काम आहे. इंग्रजीत बाबासाहेबांची बाजू मांडताना आम्हाला दिसतात ते मुख्यतः प्राध्यापक. चीवरातला माणूस क्वचितच.

औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे. ग्रीक राजा संवादाला आला तेव्हा नागसेनाने आधी अट घातली: पंडितासारखे बोलणार असशील तर बोलू, राजासारखे असेल तर नाही. परक्याशी बरोबरीने बोलण्याची ही ऐट आपल्या भिक्खूंत यायला हवी.

वर्षावासात भिक्खू तीन महिने एका जागी असतात आणि विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. येत्या आषाढीपासून निदान एका विहारात मूळ इंग्रजी ग्रंथ आणि राहुल यांचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. एका भिक्खूने राहुल यांची बाजू घ्यावी, दुसऱ्याने बाबासाहेबांची, आणि पुढच्या आठवड्यात बाजू बदलाव्यात. शिकवायला इंग्रजीचे एमए झालेले आपले कितीतरी तरुण घरी बसून आहेत. त्यांच्या मानधनाची वर्गणी उपासकांनी काढावी.